अण्णांना कोणतं शिकवायचं

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून आईने ज्वारीच्या पिठाची कोठी दाराबाहेर पडवीत हलवली. चाकणजवळच्या महाळुंग्यात दामूतात्यांच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, आणि मागच्या भिंतीपलीकडे ज्या शेतात तात्यांचे वडील भात लावायचे तिथे आता एका कंपनीचं कुंपण. त्या कंपनीतल्या पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसचा धपका दिवसभर जमिनीतून यायचा. आम्हाला तो ऐकू येणं कधीच बंद झालं होतं, पण ताकाच्या पातेल्यात दर धपक्याला बारीक वर्तुळं उठायची आणि नवीन पाहुणा आला की तो त्या पातेल्याकडे बघत बसायचा. आई चौदा कामगारांचे डबे करायची. पहाटेपासून भाकऱ्या थापल्याचा आवाज, मग खलबत्त्यात शेंगदाण्याच्या चटणीचा, मग येसरच्या आमटीला फोडणी बसल्याचा. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव सोडून आम्हाला आठ वर्षं झाली होती, पण येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ, मात्र अजून गावाहूनच यायचं, आत्या पाठवायची. आज पुनावळ्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये सगळं मिळतं, येसरसुद्धा पाकिटात मिळतं. फोडणी देताना मी नाक जवळ नेते आणि दर वेळी थोडी हिरमुसते.

कॉम्प्युटर कुडळवाडीच्या भंगारातून आला होता. कुठल्याशा ऑफिसने जुना म्हणून काढून टाकलेला, पोट सुटलेल्या माणसासारखा मागे मोठा फुगवटा असलेला मॉनिटर, आणि पिवळट पडलेला डबा. अण्णांनी तो माझ्यासाठी आणला असं मी समजत होते. मी चाकणच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला होते, वर्गात ज्यांच्या घरी मशीन नाही अशा दोघीच उरलो होतो, त्यातली मी एक. मशीन पिठाच्या जागेवर मांडलं, वायर लावली, पडद्यावर निळं आकाश आणि हिरवी टेकडी आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. अण्णा मागे उभे होते. ते म्हणाले, "वंदे, मला पण शिकव." मी हसले. मला वाटलं गंमत करतायत.

गंमत नव्हती. अण्णा आधी त्याच कंपनीत प्रेसवर होते. मी दहावीत असताना एका दुपारी प्रेस अवेळी खाली आली आणि त्यांच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. बरे झाल्यावर कंपनीने त्यांना स्टोअरला टाकलं. नट-बोल्ट, बेअरिंग, हातमोजे, ज्याला जे लागेल ते चिठ्ठी बघून काढून द्यायचं. हे काम ते मन लावून करत. कुठल्या कप्प्यात काय आहे ते डोळे झाकून सांगत. पण आता स्टोअरला कॉम्प्युटर बसला होता. चिठ्ठीवरचा माल देण्याआधी त्यात नोंद करायची, असा नियम आला. स्टोअरचे जाधव साहेब तसे वाईट माणूस नव्हते, त्यांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, "एक महिना देतो. मग मी स्वतः बसवून बघणार. जमलं तर इथेच राहा. नाही जमलं तर पॅकिंगला जावं लागेल, आणि पॅकिंग आता ठेकेदाराकडे आहे." ठेकेदाराकडे म्हणजे काय, हे महाळुंग्यात लहान पोराला विचारलं तरी सांगेल. आज आहेस, उद्या गेटवर नाव नाही.

हे आईला माहीत होतं, मला नव्हतं. कळलं तेव्हा मी अण्णांना रोज शिकवायला बसले. त्यांची पहिली शिफ्ट असायची. चार वाजता ते येत, हातपाय धुवून, धपाटा आणि दही खाऊन, शाळेत बसल्यासारखे पाठ ताठ करून स्टुलावर बसत. सातवी शिकलेला माणूस. इंग्रजी अक्षरं ओळखायचे, पण शब्द लागायचे नाहीत. त्यामुळे ते सगळं जागेनं लक्षात ठेवायला लागले. डाव्या कोपऱ्यातलं खालचं बटण. मग वरून तिसरी ओळ. मग छोट्या चौकोनी चित्रावर एकदा दाबायचं. ती दोन बोटं नाहीत म्हणून माऊस ते डाव्या हाताने धरत, आणि उजव्या हाताच्या करंगळीने व तिच्या शेजारच्या बोटाने कळा दाबत. एकेक आकडा टाकताना ओठ हलत. बारा दिवसांत त्यांनी बोल्टांची एक यादी पूर्ण केली. मी फक्त बघत होते, हात लावला नव्हता. त्या यादीकडे ते अशा नजरेने बघत होते की मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

आता माझ्या वेडेपणाकडे येते. कॉलेजात शिंदे मॅडम होत्या, प्रॅक्टिकल घ्यायच्या. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा कळलं की कॉम्प्युटर चालवायची प्रणाली एकच नसते. विंडोज आहे तशी लिनक्स आहे, ती कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी, आत उघडून बघावी. मला हे इतकं आवडलं की मी दुसरं काही बोलेचना. त्याच आठवड्यात आमच्या मशीनला व्हायरस लागला. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, मीच वर्गातल्या सगळ्यांचे पेन ड्राइव्ह त्यात घालत होते, आणि चाकणच्या दुकानदाराने घातलेली विंडोजही नकली सीडीची होती. मशीन सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की आई तेवढ्यात दोन भाकऱ्या भाजून काढायची. मी मॅडमकडून लिनक्सची सीडी आणली. रविवार होता. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, म्हणून अण्णा कामावर. सीडी घातली, मशीनने विचारलं, सगळी डिस्क पुसून टाकू का? मी हो म्हटलं. एकदाही विचार केला नाही. दुपारी नवा पडदा उजळला, मशीन फटाफट चालायला लागलं, आणि मला जग जिंकल्यासारखं झालं.

अण्णा आले, हात धुतले, बसले. खालच्या डाव्या कोपऱ्यात माऊस नेला. तिथे काही नव्हतं. नव्या पडद्यावर सगळं वर गेलं होतं. त्यांनी पुन्हा एकदा तिथेच नेऊन दाबलं, जणू चूक त्यांचीच आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माझी यादी कुठं गेली?"

मी सांगायला लागले. व्हायरस, वेग, फुकट, मोकळेपणा, शिंदे मॅडम काय म्हणाल्या, जगात कोण कोण हे वापरतं. मी बरीच मिनिटं बोलले असेन. मी थांबल्यावर अण्णा म्हणाले, "चांगलं असंल. पण बाळ, मला चांगलं कोणतं ते नको सांगू. तिथं टेबलावर जे हाय ते शिकव."

"तिथलंच चूक आहे," मी म्हणाले. एकोणिसाव्या वर्षी माणूस असं बोलू शकतो.

ते उठून बाहेर पडवीत जाऊन बसले. आई परातीतलं पीठ मळत होती, तिने हात थांबवले नाहीत, वर बघितलंही नाही. "त्यांच्या हाताला बोटं न्हाईत, वंदे," ती म्हणाली. "आधी बारा दिवस लावून जागा पाठ केल्या. आता तू बटणं दुसरीकडं नेऊन ठेवलीस आन त्यांना हुडकायला लावायलीस. तुला मशीन लई कळतं, तर मग ह्ये कसं कळंना?"

मी रडले नाही, रागावले. राग आधी आईवर होता, मग मशीनवर, आणि संध्याकाळी डबे भरताना तो फिरून माझ्यावर आला. अठरा दिवस उरले होते. मी ठरवलं की महिन्याच्या शेवटी अण्णा त्या खुर्चीवर बसतील तेव्हा त्यांचा हात अडणार नाही, त्यासाठी मला काय वाटेल ते करावं लागलं तरी चालेल. माझं मत गिळावं लागलं तरी.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मला बोल लावला नाही. विचारलं, "डब्याच्या मागे एखादं रंगीत स्टिकर आहे का बघ." होतं. ऑफिसचं मशीन असल्यामुळे त्यावर विंडोजचा रीतसर नंबर चिकटवलेला होता. दुकानदाराने तो न बघताच आपली नकली सीडी घातली होती. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही घाल. एकाच मशीनवर दोन्ही राहतात. आधी विंडोज, मग लिनक्स, उलटं केलंस तर घोळ होईल. विंडोजची खरी सीडी बुधवारपर्यंत मिळवून देते." गुरुवारी बसावं म्हटलं तर गुरुवारी आमच्याकडे लाइट नसायची. म्हणजे ते सगळं करायला मला शुक्रवार लागणार होता. मधले चार दिवस मशीनवर फक्त लिनक्स होतं, आणि मधले चार दिवस अण्णांना वाया घालवायचे नव्हते. ते मंगळवारी चार वाजता, धपाटा न खाता, स्टूल ओढून बसले. "जे हाय त्याच्यावर बसतो," म्हणाले.

त्या दिवशी सेटिंग चाळताना मला भाषांची यादी दिसली. तमिळ, तेलुगू, बंगाली, आणि मध्ये मराठी. मी दाबलं, मशीन बंद करून चालू केलं. पडदा आला आणि त्यावर देवनागरी होतं. कुणी कुठे बसून हे शब्द लावले असतील, काही शब्द तर असे संस्कृत की मलाही दोनदा वाचावे लागले. पण अण्णा पुढे सरकले. चष्मा वर केला. सातवी शिकलेल्या माणसाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "उघडा. जतन करा. छापा. बंद करा." मग माझ्याकडे वळून, "जतन करा म्हंजे ठेवून दे, व्हय? मी रोज ते चौकोनी चित्र दाबायचो ते ह्ये?"

"हो अण्णा."

"आन मला वाटलं ते दाबलं की मशीन खूश होतंय."

आई हसली, मी हसले, अण्णाही हसले, आणि मला एकदम कळलं की बारा दिवस मी त्यांना काहीच शिकवलं नव्हतं. रस्ता पाठ करून घेतला होता, गाव दाखवलंच नव्हतं. आज मी माण गावातल्या एका कंपनीत नव्या मुलांना शिकवते, आणि कुणी नुसती बटणं दाबताना दिसलं की मी त्यांना थांबवते, विचारते, आत्ता काय झालं सांग. मुलं वैतागतात.

मंगळवारी आणि बुधवारी अण्णांनी मराठीत काम केलं. यादी करणं, आकडा बदलणं, शोधणं, चुकलं तर मागे येणं. शुक्रवारी मी कॉलेज बुडवून दोन्ही प्रणाली घातल्या. मशीन चालू केलं की पडदा आता विचारायचा, कोणती हवी? मी एक वही केली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे कंपनीतला इंग्रजी शब्द, मोठ्या अक्षरांत, आणि इंग्रजीच्या खाली त्याचा उच्चार. अण्णांची पद्धत त्यांनीच ठरवली. आधी मराठीत एक चिठ्ठी नोंदवायची. मग मशीन बंद करायचं, दुसरीकडे जायचं, तीच चिठ्ठी इंग्रजीत नोंदवायची. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत ते वही वाचत. सेव्ह, जतन. फाइंड, शोधा. अनडू, मागे घ्या. त्यांना तो शेवटचा शब्द फार आवडला होता. दामूतात्या पडवीत बिडी ओढत हे बघायचे. एकदा म्हणाले, "आरं लेका, येकच काम दोनदा करतुयास व्हय? आमी न्हाई बाबा असलं येड बघितलं." अण्णा मान वर न करता म्हणाले, "तात्या, एकदा समजायला आन एकदा पोटाला."

ठरलेल्या दिवशी आईने त्यांना कपाळाला कुंकू लावलं नाही की दही-साखर दिली नाही, कारण त्यांनी आधीच सांगितलं होतं, काही वेगळं करू नका, माझा हात बिचकंल. ते गेले. मी कॉलेजला गेलेच नाही. भाकऱ्या थापायला बसले आणि माझ्या सगळ्या भाकऱ्या कडेला फाटल्या. आईने त्या आमच्यासाठी ठेवल्या आणि डब्यांसाठी दुसऱ्या केल्या.

तिथे काय झालं ते अण्णांनी आम्हाला त्या संध्याकाळी सांगितलं, आणि नंतर इतक्यांदा सांगितलं की मला ते मी तिथे उभी असल्यासारखं दिसतं. जाधव साहेबांनी वीस चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. शेजारच्या टेबलावरचा तरुण मुलगा त्या चहा पिता पिता करत असे. अण्णांनी सुरू केलं. साहेब एकदा घड्याळाकडे, एकदा अण्णांच्या हाताकडे बघत. अर्धा तास झाला, निम्म्याच झाल्या होत्या. साहेब म्हणाले, "कांबळे, असा वेग असेल तर लाइन थांबेल माझी."

"साहेब, सावकाश करतो. पण तपासून घ्या."

मग एक चिठ्ठी आली आणि अण्णा थांबले. सगळं टाकून झालं होतं, फक्त जतन करायचं राहिलं होतं. ते दाबेनात. साहेबांना वाटलं, अडकले, विसरले. त्यांनी स्वतःच बोट पडद्यावर ठेवलं. "हे सेव्ह. इथे दाबा."

"सेव्ह माहीत हाय साहेब. सेव्ह म्हंजे ठेवायचं. पण ह्ये चुकीचं हाय, ते कशाला ठेवू?" चिठ्ठीवर आठ नंबरचा बोल्ट लिहिला होता. ज्या मशीनसाठी मागवला होता त्याला दहा नंबरचा लागतो, हे अण्णांना कप्प्यांवरून ठाऊक होतं. "आठचा बसवला तर ढिला राहील. कुणाच्या तरी हातावर येईल ते."

साहेबांनी फोन करून विचारलं. चिठ्ठी लिहिणाऱ्याचीच चूक होती. ती चिठ्ठी त्यांनी बाजूला ठेवली आणि बाकीच्या होईपर्यंत घड्याळाकडे बघितलं नाही. वीसपैकी एकोणीस बरोबर, एक राखून ठेवलेली. तरी त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. वरच्यांशी बोलतो म्हणाले. आठ दिवस आम्ही कसे काढले ते मी लिहीत नाही. नवव्या दिवशी अण्णा गेटमधूनच दिसले, जेवणाचा डबा वर धरून हलवत येत होते, आणि आईने पदराने तोंड झाकलं.

मग तो प्रश्न आला. मशीन जुनं, डिस्क लहान, दोन्ही प्रणालींनी ती गच्च भरली होती आणि माझ्या कॉलेजच्या कामाला जागा उरत नव्हती. एक काढायला हवी होती. मी पूर्वीसारखी स्वतःच निकाल लावून मोकळी झाले नाही. गुरुवारी, लाइट नसताना, मशीन नुसतं काळं बसलेलं असताना विचारलं, "अण्णा, कोणती ठेवू?" मला वाटलं, ते कंपनीवाली म्हणतील, आणि मी ठरवलं होतं की एक शब्द बोलायचा नाही.

त्यांनी काळ्या पडद्यावरची धूळ पुसली. म्हणाले, "कंपनीतलं रोज आठ तास करतोयच की. त्याच्यात आता घरी करण्यासारखं काय ऱ्हायलंय? घरी मराठी ठेव. मला एक काम हाय त्याच्यात."

काम म्हणजे पत्र. बोटं गेल्यापासून त्यांनी पेनाने एक ओळ लिहिली नव्हती; अंगठ्यात आणि उरलेल्या बोटांत ते टिकायचं नाही, घसरायचं. गावाकडे काही कळवायचं तर मी लिहायचे आणि ते शेवटी पेन मुठीत धरून काहीतरी वेडंवाकडं ओढून सही म्हणायचे. मी त्यांना कळांवर मराठी अक्षरं कुठे कुठे आहेत ते कागदावर काढून दिलं. त्यांनी चार संध्याकाळी लावल्या. मला जवळ येऊ दिलं नाही. आईलाही नाही. पाऊण पान झालं. मी ते चाकणला नेऊन छापून आणलं, न वाचता, घडी घालून. त्यांनी तसं बजावलंच होतं. ते आत्याला गेलं.

पुढच्या आठवड्यात दामूतात्या हाक मारत आले. आमच्याकडे फोन नव्हता, गावाकडचा फोन त्यांच्याकडे यायचा. "तुझ्या बहिणीचा फोन हाय, लई घाबरल्यावानी बोलतीया." अण्णा धावले, त्यांच्या मागे आई, आईच्या मागे मी. तात्यांच्या ओटीवर अण्णांनी फोन कानाला लावला. आत्याचा आवाज एवढा मोठा होता की आम्हाला उंबऱ्यात ऐकू येत होता. पोस्टाने छापील कागद आलाय, ती म्हणत होती, पोस्टमन पाकिटावर तुझं नाव हाय म्हणला आन गेला, कोर्टाचा हाय का सरकारचा, मास्तर गावाला गेलाय, वाचणारं कुणी न्हाई, तू काय केलंस रे दादा, खरं सांग.

"अगं काही न्हाई केलं," अण्णा म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही, ती बोलतच राहिली. मग अण्णांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "अगं येडे, ते पत्र हाय! मी लिहिलंय. मी, माझ्या हातानं!"